वाऱ्याचे दिवस आणि एक ठराव

आषाढात पश्चिमेचा वारा सुटला की आमच्या कुपवाडच्या शेडचा एक पत्रा वाजायला लागतो. नेमका तोच एक. त्याला दरवर्षी नवे हूक मारतो, वायसर बदलतो, एकदा तर अख्खा पत्राच बदलून पाहिला; महिन्याभरात पुन्हा तीच थरथर. भट्टीची घरघर चालू असली की तो ऐकू येत नाही. वीज गेली की येतो. म्हणजे आषाढात तो फार ऐकू येतो.

गेल्या आठवड्यात एका दुपारी असाच ऐकू आला. माझा कारखाना लहान, ओतकामाचा. पाण्याच्या पंपांची बिडाची कवचं आम्ही ओततो. भट्टी विजेवर चालते. वीज गेली की आतल्या वितळलेल्या बिडावर साय धरायला लागते, अगदी दुधावर धरते तशी. ती जाड व्हायच्या आत वीज परत आली तर ठीक, नाही तर सगळा रस भट्टीतच गोठतो आणि मग तो फोडून काढायला दोन दिवस जातात. त्या सायीकडे बघत उभी असलेली माणसं मी इतक्या वेळा पाहिली आहेत की कुणाचा हात कुठे असेल हेसुद्धा सांगू शकतो. शेवटी आमचा जुना भट्टीवाला महादेव म्हणाला, "मालक, वतू का खड्ड्यात?"

"ओत," मी म्हणालो. सकाळपासूनचं काम वाळूच्या खड्ड्यात गेलं.

बाहेर कामगारांच्या दुचाक्या वाऱ्यानं एकीवर एक कलंडल्या होत्या. त्या उभ्या करता करता महादेव आभाळाकडे बघून म्हणाला, "येवढा वारा हाय, आन् वीज न्हाई. त्या पवनचक्क्या काय शोभंला लावल्यात व्हय?"

हा प्रश्न मी दिल्लीच्या साहेबांपुढे विचारून आलोय. टाळ्याही घेतल्यात. महादेवला ते माहीत नाही, आणि त्यापुढचं तर अजिबात माहीत नाही. ते गेल्या आठवड्यापर्यंत मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

आमच्या भागातल्या लहान कारखानदारांची एक संघटना आहे. तिचा मी चिटणीस. अध्यक्ष आमचे आण्णा. घराणं हळदीच्या व्यापारातलं, आण्णांनी स्वतः पाइपचा कारखाना काढला. सूर्यास्ताच्या आत जेवण उरकणारा, आवाजानं मोठा, मनानं त्याहून मोठा माणूस. आमच्यात कामाची वाटणी सोपी आहे. आण्णा बोलतात आणि मी लिहितो. वीजदर वाढले, निवेदन. नवं ऊर्जा धोरण आलं, सूचना आणि हरकती. मंत्री आले, मागण्यांचं पत्रक. पंधरा वर्षांत मी इतकी निवेदनं लिहिली आहेत की बायको एकदा म्हणाली, "भाजी आणायला सांगितली तरी तुम्ही 'उपरोक्त विषयास अनुसरून' म्हणाल."

चार वर्षांपूर्वीच्या अशाच वाऱ्याच्या दिवसांत आण्णा मला साताऱ्याच्या वरच्या पठारावर घेऊन गेले होते. गाडीचं दार उघडलं की हातातून निसटत होतं. गवत सगळं एका दिशेला झोपलेलं, धुकं जमिनीला घासत पळत होतं. त्या धुक्यात पवनचक्क्या उभ्या होत्या, एकामागे एक, पाती आडवी करून. स्तब्ध. एवढ्या वाऱ्यात इतकी मोठी वस्तू मुळीच हलत नव्हती. राखणदाराला आण्णांनी विचारलं, "बंद का रं?"

"वरनं फोन आला, बंद ठेवा."

"वरनं म्हंजे कुठनं?"

"ते आमाला कुटं ठावं? लाइन भरली म्हंत्यात. वीज न्यायला तार न्हाई."

आण्णांनी टोपी हातात घट्ट धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सेक्रेटरी, हितं वारा फुकट चाललाय आणि तिकडं आपल्या भट्ट्या गोठाय लागल्यात. मधी फक्त तार पाहिजे. लिवा."

मी लिहिलं. ते खरं होतं, अजूनही खरं आहे. पठारापासून आमच्या सबस्टेशनपर्यंत नवी उच्चदाबाची वाहिनी मंजूर झालेली होती. कागदावर. प्रत्यक्षात तिच्या परवानग्या अडकल्या होत्या, आणि त्या कशा अडकतात हे बघण्यात माझं ते वर्ष गेलं. वनखातं म्हणे, आधी गावांचे ठराव आणा. गावं म्हणत, आधी वनखात्याचं काय ते कळू द्या. पाटबंधारेवाल्यांना नदीवरून तार जाणार त्याचा नकाशा हवा, आणि नकाशावर रेल्वेची सही हवी. रेल्वेचे साहेब म्हणाले, आमची लाइन ओलांडायला हरकत नाही, फक्त महामार्गाचं पत्र जोडा. महामार्गाच्या कचेरीत एका भल्या माणसानं मला चहा पाजला आणि सांगितलं की ही फाइल मुळात आमच्याकडे यायलाच नको होती. ग्रामपंचायतीचा ठराव कायद्यानं लागतो की नाही, यावर एकाच इमारतीत दोन मजल्यांवर दोन मतं होती. पण मागत मात्र दोन्ही मजल्यांवर होते.

मला माणसांचा राग येत नव्हता. टेबलामागचा प्रत्येकजण आपल्यापुरतं बरोबरच बोलत होता. तोच खरा वैताग. कुणाची गचांडी धरावी तर समोर फक्त एक नम्र माणूस आणि त्याचा जावक क्रमांक.

शेवटी एकाच गावाचा ठराव राहिला. रहिमतपूरच्या पुढचं ते गाव माझं आजोळ.

आता आजोळचा भाचा म्हणजे काय, हे त्या बाजूच्या माणसाला सांगायला नको. बहिणीचा मुलगा हा एका घराचा भाचा नसतो, तो गावाचा भाचा असतो. म्हातारीकोतारी माणसंसुद्धा त्याला अहोजाहो करतात, पारावर त्याला बसायला जागा देतात. त्या गावात माझा शब्द कुणी खाली पाडला नव्हता. आण्णांना हे ठाऊक होतं. ते म्हणाले, "तुमचंच गाव हाय की. घेऊन या."

ग्रामसभा मंगळवारी सकाळी होती. रानात आल्याची लागवड नुकतीच संपलेली. हॉलमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाच्या पायाला लाल चिखल होता. दारातच वही ठेवलेली. आमच्याकडच्या ग्रामसभेची एक रीत आहे. माणूस आत येतो, वहीत सही करतो आणि बसतो. ती हजेरी. सभा संपल्यावर, कधी दोन दिवसांनीही, सह्यांच्या वर सोडलेल्या कोऱ्या जागेत ठराव लिहिले जातात. यात फसवाफसवी आहे असं कुणालाच वाटत नाही. माणसांना रानात जायचं असतं, लिहिणारा एकटा असतो, आणि विषय गटाराचे, दिव्यांचे. त्या दिवशीही तसंच झालं. वीसेक सह्या झाल्या, वर पाऊण पान कोरं.

सहा नंबरची सही माझ्या मामेभावाची, दत्ताची.

दत्ता फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि गावी येऊन ओढ्याकाठचं रान त्यानं स्वतः सपाट केलं. कवायतीचं मैदान असावं तसं. आल्याचे गादीवाफे दोरी लावून ओढलेले, ठिबकच्या नळ्या रांगेत. वाहिनीचा एक मनोरा त्या रानाच्या बरोबर मध्यात येत होता. दत्ता सभेत उभा राहिला. हात बाजूला, पाय जुळवून. त्याला बसून बोलता येत नाही.

"लाइनीला माजा इरोध न्हाई," तो म्हणाला. "वीज लागतीया, समद्यास्नी लागतीया. पर टावर बांधाला घ्या. मी पावलं टाकून बघितलंय. मधनं बांधापतुर चाळीस पावलं. चाळीस पावलं सरकवा आन् खुशाल उभा करा. मधी घालणार असाल तर माजा इरोध लिवून घ्या."

भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, माझ्याकडे बघून म्हणाले, "पाव्हणं, तुमचं अक्षर चांगलं. मसुदाबी तुमालाच ठावा. तुमीच लिवा."

पेन माझ्या हातात आलं.

तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं: हरकत लिहिली की सर्वेक्षण पुन्हा. सर्वेक्षण पुन्हा की नकाशा पुन्हा. नकाशा पुन्हा म्हणजे रेल्वे, पाटबंधारे, महामार्ग, सगळी जत्रा पहिल्यापासून. चाळीस पावलांसाठी दोन वर्षं. मला भट्टीतली ती साय दिसत होती. मी मनाशी म्हणालो, दत्ताला नंतर समजावू, घरचाच आहे. सभा उठली, हॉल रिकामा झाला, आणि मी त्या पाऊण पानात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं की सदर वाहिनीस व मनोऱ्यांच्या नियोजित जागांस ग्रामसभेची सर्वानुमते संमती आहे. कुणाचीही हरकत नाही.

भाऊसाहेबांनी वाचलं, क्षणभर थांबले, शिक्का मारला. भाच्याचं अक्षर होतं.

पुढच्याच महिन्यात पुण्याला एका हॉटेलात राष्ट्रीय ऊर्जा धोरणावर बैठक झाली. दिल्लीचे साहेब आले होते, गार हवेत मोठमोठे उद्योगपती कोट घालून बसले होते. लहान उद्योगांच्या वतीनं मला पाच मिनिटं मिळाली. मी पठारावरच्या थांबलेल्या पात्यांबद्दल बोललो, गोठलेल्या भट्टीबद्दल बोललो, आणि मग त्या ठरावाची प्रत हातात उंच धरली. "लोक विरोधात नाहीत, साहेब. हे बघा, सर्वानुमते. अडवणूक टेबलांवर आहे." टाळ्या पडल्या. आण्णांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा घसरला. संघटनेनं काढलेल्या पुस्तिकेत तो ठराव नमुना म्हणून छापला. अजूनही तो त्यात आहे, पान उघडलं की माझं अक्षर माझ्याकडे बघतं.

दत्ताला हे कसं कळलं, तर पाया खणायला यंत्र आलं तेव्हा. तो हरकत घेऊन प्रांत कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं फाइल उघडून त्याला त्याचीच सही दाखवली. संध्याकाळी दत्ताचा फोन आला. ओरडला नाही. ओरडला असता तर मी काहीतरी बोलू शकलो असतो.

"सुऱ्या, अक्षर तुजं हाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी बारा वर्सं तुजं अक्षर वळखत आलोय गड्या. आईची पत्रं तूच लिवायचास न्हव?"

ते खरं होतं. मामीला लिहिता येत नव्हतं. सुट्टीत आजोळी गेलो की मामी चुलीपुढे बसून सांगायची आणि मी निळ्या आंतर्देशीय पत्रावर लिहायचो. पुढे नोकरीला लागल्यावरही, जाईन तेव्हा. ओल्या लाकडाचा धूर, मामीचा मधेच थांबणारा आवाज, पत्राच्या कडेला उरलेल्या बोटभर जागेत बसवलेली शेवटची ओळ. दत्ता ज्याला दादा म्हणायचा तो मामा बैलाखाली सापडून पाय मोडून पडला होता तेव्हाही मामी म्हणाली, "लिव, समदं खुशाल हाय." मी लिहिलं. पोरगं सरहद्दीवर, त्याला कशाला घोर.

"तवाबी तू समदं खुशालच लिवायचास," दत्ता फोनवर म्हणाला. "दादाचा पाय मोडलेला मला सुट्टीवर आल्यावर कळलं. तवा मी म्हनलं, आईनं सांगितलं आसंल. आता कुनी सांगितलं हुतं रं तुला?"

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तीन आषाढ गेले. आमचं बोलणं नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली ती पोस्टानं, आणि पत्त्यावर नुसतं 'चिटणीस' लिहिलेलं होतं. मी लग्नाला गेलो, मागच्या रांगेत जेवलो आणि परत आलो.

वैताग हा की एवढं करून तार आलीच नाही. दत्ताच्या रानाच्या मधोमध मनोरा उभा राहिला, आणि पुढे पठारावरच्या टोकाला वनखात्याची परवानगी अडकली. तीन वर्षं तो मनोरा तसाच आहे, एकही तार नसलेला. मी रस्त्यावरून जाताना गाडी हळू करतो. भोवतीचे गादीवाफे त्याला वळसा घालतात, कवायतीत मधेच कुणीतरी बसकण मारावी तसं दिसतं. आल्याची हिरवी पानं वाऱ्यानं एका बाजूला झुकलेली आणि लोखंडाच्या पट्ट्यांतून वारा शीळ घालत जातो. दत्ताच्या बायकोनं त्याच्या खालच्या आडव्या पट्टीवर दोरी बांधून कपडे वाळत घातलेले मी एकदा पाहिले. देशाच्या ऊर्जा धोरणाचा त्या रानाला झालेला उपयोग तेवढाच.

गेल्या आठवड्यात वीज गेली, त्याच संध्याकाळी आण्णांचा फोन आला. वनखात्याचं पत्र निघालं होतं! मी खुर्चीवरून उठलो. "पण," आण्णा म्हणाले, "गावाचा ठराव जुना झालाय म्हणत्यात. ताजा पाहिजे. तेवढं एक तुमी आजोळात जाऊन आणा. आणि दिल्लीला नवीन निवेदन पाठवायचंय, त्यात एक मुद्दा घाला. ठरावाची भानगडच नको. ठराविक मुदतीत हरकत आली न्हाई, तर संमती हाय असं धरावं."

जो ठराव मिळवायला मी दत्ताला विकलं, तो शिळा होऊन रद्द झाला होता. दुसऱ्या दिवशी आण्णांकडे गेलो आणि त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. चाळीस पावलं, कोरं पान, पुण्यातल्या टाळ्या.

आण्णांनी अडकित्त्यानं सुपारी कातरली. मग म्हणाले, "त्यात तुमी नवीन काय केलं? सगळीकडं असंच लिवत्यात."

"म्हणूनच मुदतीच्या मुद्द्याची मला भीती वाटते, आण्णा. हरकत आली नाही आणि हरकत लिहिली नाही, यातला फरक दिल्लीला कसा कळणार? मुदत मागू, जरूर मागू. पण आधी ठराव वाचून दाखवायचा आणि मग सह्या घ्यायच्या, हेही मागू."

"आवं, आपल्याच निवेदनात आपणच हरकतीला खुर्ची द्यायची? वरात आपली आणि बँड आपणच बंद पाडायचा?" आण्णा वैतागले. मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "फाइल परत पहिल्या टेबलावर गेली तर सभासद मला सोलतील. तुमाला तर आधी सोलतील."

"सोलू द्या."

"लिवा मग. मी सही करताना चष्मा काढून ठेवतो."

काल ग्रामसभा झाली. तोच हॉल, तोच लाल चिखल. दारात वही ठेवलेली होती. मी ती उचलून टेबलावर नेली आणि भाऊसाहेबांना म्हणालो, आधी लिहू, मग सह्या. भाऊसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी उभा राहून सांगितलं की मागचा ठराव माझ्या हातचा होता, दत्तानं विरोध लिहून घ्यायला सांगितला होता, आणि मी तो लिहिला नव्हता. मुद्दाम लिहिला नव्हता.

मग भिंतीला टेकलेले एक आजोबा म्हणाले, "म्हंजे भाच्यानं मामाच्या गावालाच गुंडाळलं म्हनायचं." हॉलभर हसू झालं. मीही हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. दत्ता खिडकीपाशी उभा होता. तो हसला नाही.

मी लिहिलं. वाहिनीस संमती. ओढ्याकाठच्या रानातला मनोरा तारा ओढण्यापूर्वी बांधालगत, चाळीस पावलं हलवावा. न हलवल्यास हवालदार दत्तात्रय यांचा विरोध आहे. मोठ्यानं वाचलं. भाऊसाहेब हळूच म्हणाले, "पाव्हणं, ह्यो कागुद परत येनार बगा." मी म्हणालो, येईल. कुपवाडला पत्रा वाजत असेल आणि महादेव भट्टीपाशी उभा असेल, हेही माझ्या मनात आलं. त्याला आता काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

सह्या होत गेल्या. शेवटी दत्ता आला. त्यानं वही स्वतःकडे वळवली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला, बोट ओळीखाली ठेवून. फार वेळ लागला. मग सही केली. मजकूर संपला होता तिथपासून पहिल्या सहीपर्यंत दोन बोटं कोरी जागा उरली होती. दत्तानं पेन पुन्हा वर नेलं आणि त्या कोऱ्या जागेवर एक तिरकी, ठसठशीत रेघ मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

वही माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तूबी सही कर."

"ते गावचे मतदार न्हाईत," भाऊसाहेब म्हणाले. "त्यांची सही चालत न्हाई."

"न चालंना. लिवनाऱ्यानं करायची."

मी त्या रेघेच्या खाली सही केली.